रद्दपत्राचा पत्ता

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘रजिस्ट्री कचेरीसमोरच्या गमतीजमती’ लिहून मागितल्या. रत्नागिरीत दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून मी छत्तीस वर्षं दस्त लिहिले. एवढ्या काळात गमती तीन झाल्या, आणि त्यातली एक छापण्यासारखी नाही. उरलेल्या दोन आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा होईन.

दस्तलेखक म्हणजे वकील नव्हे. वकिलाला काळा कोट असतो, आम्हाला पंखासुद्धा नसतो. लोक आपली जमीन, घर, भांडण तोंडी सांगतात आणि आम्ही ते सरकारला समजेल अशा भाषेत उतरवतो. त्या भाषेत माणसं दोनच प्रकारची असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. लिहून देणाऱ्याच्या तोंडी आम्ही एक वाक्य हमखास घालतो: ‘हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता व कोणतेही नशापाणी न करता लिहून दिला आहे.’ जे राजी नव्हते, ज्यांना काही समजलं नव्हतं आणि ज्यांना घोट घेतल्याशिवाय सही करवत नव्हती, अशा सगळ्यांसाठी मी हे वाक्य सारख्याच सुबक अक्षरात लिहिलं.

आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारा कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र. गावात त्याला ‘पावर’ म्हणतात. जमीन इथं आणि मालक मुंबईला, म्हणून मालक गावातल्या कुणाला तरी आपल्या वतीनं सही करायचा अधिकार देतो. दिलेली पावर काढूनही घेता येते, त्या कागदाला रद्दपत्र म्हणतात. ते लिहायला अर्धा तास पुरतो. पण पावर काढल्याचं ज्याच्याकडे ती आहे त्याला कळावं लागतं. कळेपर्यंत त्यानं केलेल्या सह्या सहसा मोडता येत नाहीत. बहुतेक लोक रद्दपत्राची नक्कल घडी करून कपाटात ठेवतात आणि निश्चिंत होतात.

आता त्या दोन गमती.

जयगडकडचा एक खलाशी बोटीवर जायच्या आधी बायकोच्या नावानं पावर करून द्यायचा आणि परत आला की रद्द करायचा. मी एकदा विचारलं, “राहू द्या ना, पुन्हा जायचंच आहे तुम्हाला.” तो म्हणाला, “मी घरात असताना माझ्या वतीनं बोलायला दुसरं माणूस कशाला?” बायको शेजारीच पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “काढा ओ, काढा. सात महिन्यांनी मीच यायचीय परत तुमच्याकडं.” नकलेवर ‘मला समजले’ म्हणून तिथल्या तिथं तिची सही घेतली. रद्दपत्र पोचवण्याचा याहून सोपा प्रकार मी पुन्हा पाहिला नाही.

दुसरे एक पुढारी. त्यांना आपल्या जुन्या चिटणिसाला दिलेली पावर जाहीरपणे काढून घ्यायची होती. बरोबर पंधरावीस माणसं, एकाच्या हातात हार. “मजकूर कडक पाहिजे,” म्हणाले. मी मूळ कागद मागितला. शोधाशोध झाली, तेव्हा निघालं की मूळ पावरीवर साहेबांची सहीच झालेली नव्हती. चिटणीस चार वर्षं नुसत्या रुबाबावर कारभार करत होता. तरीही साहेबांनी रद्दपत्र केलं. जे दिलंच नव्हतं ते समारंभपूर्वक काढून घेतलं आणि टाळ्या झाल्या.

गमती संपल्या.

इंदूताई निवृत्त नर्सबाई. हातखंब्यावरून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं त्यांचं गाव, नाव लिहीत नाही. तिथल्याच उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर घर, घराभोवतीची पस्तीस हापूसची कलमं आणि विहीर त्यांच्या नावावर लागली. हे सगळं एकाच सातबारावर. दीर-जाऊही गेलेले. दिराचा एकुलता मुलगा प्रशांत डोंबिवलीला नोकरीत. त्याचं वडिलांकडून आलेलं घर इंदूताईंच्या अंगणाला लागून, पण वर्षातून गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात.

त्या पहिल्यांदा आल्या त्या प्रशांतला घेऊन. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी हातात. जमिनीची मोजणी करून घ्यायची होती आणि त्यासाठी रत्नागिरीच्या खेपा त्यांना झेपत नव्हत्या. प्रशांत म्हणाला होता, काकी, मला पावर दे, मी रजा टाकून बघतो सगळं. आमच्याकडे नेहमी मुंबईकर गावकऱ्याला पावर देतो. इथं गावात राहणारी मालकीण मुंबईकराला देत होती. मला तेव्हाच ते उलटं वाटलं, पण उलटं वाटणं हे काही आक्षेपाचं कलम नाही.

मसुदा मी मोठ्यानं वाचून दाखवतो, ती माझी पद्धत. विक्रीच्या कलमापाशी थांबलो.

“जमीन विकण्याचा अधिकार ठेवायचा का?”

“असू दे हो काका,” प्रशांत म्हणाला. “सगळ्या मसुद्यांत असतंच ना ते?”

“असतं. खोडताही येतं.”

मी इंदूताईंकडे पाहिलं. त्यांना हसू आलं. “भाऊ, ह्याची नाळ मी कापलीय. पायाळू होता मेला, सगळ्यांना घाम फोडलान्. हा मला विकणार होय?”

“तुम्हाला नाही, जमीन.”

“एकच ते. लिहा तुम्ही.”

मी लिहिलं. प्रशांतचा पत्ताही लिहिला, आणि तो कसा लिहिला हे सांगायला हवं. आमचा माणूस डोंबिवलीत राहो, भांडुपात राहो नाहीतर मस्कतला, कागदावर तो गावातच राहतो. लग्नाच्या पत्रिकेवर गाव, तेराव्याच्या कार्डावर गाव. प्रशांतच्या आधार कार्डावरही गावच होतं, कारण मत गावात. तो अठरा वर्षं डोंबिवलीत राहत होता आणि मी लिहिलं, ‘राहणार मुक्काम पोस्ट’, पुढं त्या गावाचं नाव, ‘तालुका जिल्हा रत्नागिरी’. हा पत्ता खोटा आहे असं मला वाटलं नाही, त्यालाही नाही आणि आत बसलेल्या अधिकाऱ्यालाही नाही.

वर्ष उलटलं. पौषात एका सकाळी इंदूताई एकट्याच आल्या. पहिल्या एसटीनं निघालेल्या, काठी होतीच. स्टुलावर बसल्या, काठी टेबलाला टेकवली. म्हणाल्या, “माझ्या कलमांना नंबर घातलेनी, भाऊ.”

“कुणी?”

“दोन माणसं आली फीत घेऊन. विहीर मोजलीनी, घराचं जोतं मोजलीनी. मग डबा काढून तांबडा रंग लावत सुटली, एक, दोन, तीन. लसीकरणाला पोरांच्या नावापुढं आम्ही खूण करायचो ना, तसे. मी म्हटलं, कोण ओ तुम्ही? तर म्हणतात, मालकांनी पाठवलं. म्हटलं, मालक मी आहे. तर एकमेकांकडं बघितलनी. म्हणाले, प्रशांतसाहेबांनी.”

“प्रशांतला विचारलंत?”

“फोन केला. म्हणतो, नुसता अंदाज घेतोय गो काकी, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस. तो बोलायला लागला की माझं बोलणं संपतं. मला ते काढून घ्यायचंय. आजच.”

त्या दिवशीच रद्दपत्र केलं, आत नेऊन नोंदवलं. त्यांनी फोटोसाठी पदर सारखा केला आणि यंत्रावर अंगठा ठेवला. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं की निम्मंच काम झालंय. प्रशांतला रजिस्टर पोस्टानं नोटीस जायला हवी, आणि पेपरात जाहीर नोटीस दिलीत तर जमीन घेणाराही सावध होईल.

“पेपरात नको,” त्या ताडकन म्हणाल्या. “गावात काय तोंड दाखवू? त्याच्याही सासुरवाडीत त्याची शोभा. घरातलं आहे ते घरात राहू दे. त्याला कळलं म्हणजे झालं.”

“मग फोनवरच स्पष्ट सांगून टाका.”

“फोनवर नको म्हटलं ना. कागद जाऊ दे. कागदाला तो गुंडाळू शकत नाही.”

“डोंबिवलीचा पत्ता द्या.”

“पत्ता असा... स्टेशनला उतरायचं. मग तो न्यायला येतो.”

खरं सांगायचं तर या लेखातली माझी कबुली एवढीच आहे. त्याच्या कचेरीचा, सासुरवाडीचा, कुणाचाही फोन शोधून पत्ता मिळवता आला असता. ते न करता मी म्हटलं, “मग कागदावर आहे तोच घालू, गावचा.” इंदूताई म्हणाल्या, “तोच घाला. त्याचं घर तिथंच आहे.” ज्या घराला कुलूप आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्या घराच्या नावानं आम्ही नोटीस पाठवली. कुलूप असलं तरी घर त्याचंच ना, असं काहीतरी दोघांच्याही डोक्यात असणार.

परतीचा पत्ता मी माझ्या टेबलाचा घातला होता, म्हणून आठवड्याभरात पोचपावती माझ्याकडेच आली. तिच्यावर सही होती. ती कुणाची आहे हे मी पाहिलं नाही. सही आहे एवढं पाहिलं आणि इंदूताईंच्या फाइलला टाचून टाकली. लोकांना सही कुठं करायची हे मी छत्तीस वर्षं बोट ठेवून दाखवत आलो. झालेली सही वाचायची सवय मला नव्हती.

गावात काय घडलं ते मला पुढं इंदूताईंकडूनच कळलं. पोस्टमन सायकल लावून अंगणात आला.

“वैनी, प्रशांतचं रजिस्टर हाय. घर बंद हाय त्याचं. परत लावू की तुम्ही घेताव?”

प्रशांतची पत्रं इंदूताईच घ्यायच्या. बँकेचं, विम्याचं, जे येईल ते. सही करायची, देवामागं ठेवायचं, तो आला की द्यायचं. वाडीतल्या निम्म्या बंद घरांची पत्रं त्यांच्याकडेच असायची. शिकलेली बाई, सही वळणदार, पोस्टमनलाही सोयीचं.

“पण वैनी, हे तुमचंच दिसतंय की. पाठवणार म्हणून तुमचंच नाव हाय वर.”

“माहीत आहे मला. दे इकडे.”

त्यांनी सही केली. आपल्याच नोटिशीची पोच आपणच दिली. पुढं मी त्यांना विचारलं, असं का केलंत? त्या म्हणाल्या, “परत गेलं असतं तर ते कुणालाच मिळालं नसतं. म्हटलं, शिमग्याला येईल तेव्हा हातात देईन. माझ्यासमोर वाचू दे. काय तोंड करतो ते बघायचं होतं मला.” सांगताना आवाज चढला नाही. रुग्णाला औषध कधी घ्यायचं ते सांगतात तशा सांगत होत्या.

प्रशांत शिमग्याच्या महिनाभर आधी रत्नागिरीला येऊन गेला, एका दिवसापुरता, गावी न जाता. त्याच्याबरोबर दोन माणसं; ती घेणारा आणि त्याचा वकील, हे मला नंतर कळलं. माझ्या टेबलावरून जाताना थांबला.

“काय काका, बरं ना?”

“बरं. तुझं?”

“मजेत.”

आणि आत गेला. मला वाटलं, काकीची नोटीस मिळाली म्हणून काही विचारपूस करायला आला असेल. नोटीस मिळालेला माणूस इतका मोकळा हसतो याचं मला कौतुकसुद्धा वाटलं. माझ्यापासून वीस पावलांवर त्यानं खरेदीखतावर सही केली. पावरीवर सही करणाऱ्याकडून एक घोषणापत्र घेतात, की पावर देणारी व्यक्ती हयात आहे आणि पावर रद्द झालेली नाही. त्यावरही त्यानं सही केली. त्याच्या समजुतीप्रमाणे त्यातला शब्दन् शब्द खरा होता. रद्दपत्र त्याच कचेरीच्या कपाटात होतं. पण कुणी मागितल्याशिवाय तिथला एक कागद दुसऱ्याला भेटायला जात नाही.

शिमग्याला प्रशांत गावी आला. पालखी घरी येऊन गेल्यावर काकीच्या पाया पडला. इंदूताईंनी देवामागचा लखोटा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानं वाचला आणि खाली बसला.

“काकी, हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“आता सांगत्ये. वाच पुन्हा.”

“अगो, झालं सगळं. गेल्या महिन्यातच झालं.” मग तो रडायला लागला. म्हणाला, तुला डोंबिवलीला न्यायचं ठरवलं होतं, या गुडघ्यानं इथं एकटी कशी राहशील, तुझ्यासाठी खालच्या मजल्यावरची जागा बघतोय.

तो खोटं बोलत होता का, मला सांगता येत नाही. लबाड माणसं मी पुष्कळ पाहिली. ती एक तर रडत नाहीत किंवा याहून बरंच जास्त रडतात. पण डोंबिवलीला जायचं आहे का, हे त्यानं इंदूताईंना आधी विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीनं तेही त्यानंच ठरवलं होतं. तेवढी पावर मी लिहून दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी पहिल्यांदा ती पोचपावती वाचली. तिच्यावर ‘इंदू’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

दावा घातला. प्रतिवादी क्रमांक एक प्रशांत, क्रमांक दोन घेणारा. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला नाही. कोर्टाचं म्हणणं असं, की पावर रद्द झाल्याचं प्रशांतला खरेदीखताआधी माहीत होतं असं वरकरणी दिसत नाही. घेणाऱ्यानं कलमांभोवती तारेचं कुंपण घातलं. इंदूताईंना वाईट वाटू नये म्हणून त्यानं घर रिकामं करायला दोन महिने दिले, हेही नोंदवतो, कारण त्याचा वकील प्रत्येक तारखेला ते सांगायचा. इंदूताई दोन ट्रंका घेऊन हातखंब्याला एका जुन्या सहकारी नर्सबाईंच्या मागच्या खोलीत राहायला गेल्या. मी त्यांना मृत्युपत्र करायला दोनदा सुचवलं. म्हणाल्या, “माझ्या नावावर राहिलं नाही ते कुणाला देऊ?” दाव्यातून परत मिळालं तर, असं मी म्हणत होतो. तेव्हा बघू, म्हणाल्या.

त्यांची साक्ष मी ऐकली. समोरच्या वकिलानं पोचपावती त्यांच्यापुढं धरली.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“पत्र कुणाच्या नावाचं होतं?”

“प्रशांतच्या.”

“म्हणजे तुमची नोटीस तुम्हालाच मिळाली.”

“हो.”

“प्रतिवादींना ती कधी दिलीत?”

“शिमग्याला.”

“तोवर कुठं होती?”

“देवामागं.”

मागं दोघेतिघे हसले. इंदूताईंनी वळून पाहिलं. त्या नजरेनं त्यांनी एके काळी बाळंतिणीच्या खोलीतून पुरुषांना बाहेर काढलं असणार. हसणं थांबलं. माझीही साक्ष झाली. ‘प्रतिवादी डोंबिवलीत राहतात हे तुम्हाला माहीत होतं का?’ होतं. ‘मग गावचा पत्ता का घातला?’ मी म्हटलं, आमच्याकडे तसाच घालतात. हे उत्तर टंकलेखकानं टाइप केलं आणि ते आता कायमचं रेकॉर्डवर आहे.

निकालाआधीच्या पावसाळ्यात इंदूताई गेल्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्या नाहीत. इतरांना पुष्कळ त्रास होताना पाहिलेल्या बाईनं स्वतः कुणाला तसदी दिली नाही. अग्नी प्रशांतनं दिला. दुसरं होतंच कोण?

वादी मेला तर दावा त्याच्या वारसानं पुढं चालवायचा असतो. जमीन नवऱ्याकडून आलेली, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही, म्हणून वारस नवऱ्याच्या बाजूचा. म्हणजे दिराचा मुलगा. म्हणजे प्रतिवादी क्रमांक एक. कायद्याची पुस्तकं मी आवडीनं वाचतो. पण ते कलम वाचून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पुन्हा घातला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर प्रशांत माझ्याकडे आला. डोक्यावर केस अजून बारीक होते. काकीचा वारस म्हणून आपलं नाव दाव्यात लावायचं आणि मग दावा काढून घ्यायचा, असे दोन अर्ज त्याच्या वकिलानं सांगितले होते. काकी ज्या स्टुलावर बसायची त्याच स्टुलावर बसला. मी वादीच्या नावापुढं ‘मयत’ लिहिलं, खाली ‘तर्फे वारस’ लिहिलं आणि त्याचं नाव घातलं.

“राहणार?” मी विचारलं.

“तेच काका. गावचंच लिहा.”

“डोंबिवलीचं सांग.”

“कशाला? आपलं मूळ गावच ना.”

“सांग म्हटलं ना.”

त्यानं सांगितलं. रस्ता, इमारत, मजला, खोली, शेवटी पिनकोडसुद्धा. मी लिहून घेतलं. एक मिनिटही लागलं नाही.